धुऱ्यावरची कॅसेट

अकोल्यातल्या एखाद्या रद्दीवाल्याला वच्छलाबाई वानखडे माहीत नसतील, तर तो कालच धंद्यात आला असं खुशाल समजावं. बाकीच्यांना त्या लांबूनच कळतात. खांद्याला कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि पायरीवर पाय पडायच्या आधीच नजर आत, सगळ्यात खालच्या थप्पीवर. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली बाई. अकोला-अमरावती गाडीत लग्नसराईच्या गर्दीतून त्या बिनतिकिटाचा माणूस बरोबर हुडकून काढायच्या. त्यांना रद्दीच्या ढिगातून बरं पुस्तक काढायला कितीसा वेळ लागणार?

निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, गुडघ्यांना तेल चोळतात आणि सुनांना अक्कल शिकवतात. वच्छलाबाईंनी यातलं फिरणं तेवढं घेतलं, आणि तेही रद्दीच्या दुकानांकडे. घरात एका भिंतीला पुस्तकं लागली, मग दुसऱ्या भिंतीला लागली. मग कॅसेट आल्या, मग त्या वाजवायला कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेला टेपरेकॉर्डर आला. टेपरेकॉर्डरला सोबत हवी म्हणून की काय, आणखी दोन बिघडलेले आले.

"आई, घरात मानसं राहाचे का पुस्तकं?" सून रागिणीने एकदा विचारलं.

"पुस्तकं चहा मांगत नाही, अन् उलटून बोलत नाही," वच्छलाबाई म्हणाल्या आणि हातातल्या जुन्या दिवाळी अंकातलं शब्दकोडं सोडवायला लागल्या. ते कोडं अर्धं दुसऱ्याच कुणीतरी सोडवून ठेवलेलं होतं, आणि आडव्यातला एक शब्द चुकवलाही होता. अशा वेळी वच्छलाबाईंना फार आनंद होतो. कोण कुठला माणूस, कोणत्या सालच्या दिवाळीत कुठल्या ओट्यावर बसून अडला, आणि त्याची गाडी आता आपण पुढे नेतोय! नव्या अंकात ही मजा नाही. नवं पुस्तक म्हणजे लग्नातल्या नवऱ्यासारखं, कुणी शिवू नये असं. जुन्याला सगळ्यांचे हात लागलेले असतात.

त्यांची शिकारीची पद्धत ठरलेली आहे. दुकानात गेलं की आधी पाणी मागायचं. पाणी दिलेल्या माणसाला लगेच हाकलता येत नाही. मग जे हवं ते सोडून भलत्याच वस्तूची चौकशी करायची. पाकक्रियेचं पुस्तक दिसलं, तर इलेक्ट्रिक इस्त्रीचा भाव विचारायचा. रद्दीवाल्याला एकदा कळलं की गिऱ्हाइकाचा जीव कशात अडकलाय, की संपलंच. त्या वस्तूला तिथल्या तिथे शिंगं फुटतात. म्हणून हवं ते पुस्तक नेहमी शेवटी उचलायचं, तेही "हे बी टाका यातच" असं म्हणत. ही विद्या त्यांनी कुणाकडून घेतली नाही. ती त्यांना प्रवाशांनी शिकवली. फुकट जाणारा माणूसही असाच खिडकीबाहेर पाहत गप्पा छाटतो.

त्यांचे मोसमही ठरलेले आहेत. दिवाळीची साफसफाई हा एक, पण तो सगळ्यांनाच माहीत असतो, त्यामुळे तेव्हा गर्दी फार. खरा मोसम बदल्यांचा. उन्हाळ्याच्या शेवटी सरकारी क्वार्टरं रिकामी होतात, कृषी विद्यापीठाच्या वसाहतीतून ट्रक निघतात, आणि ट्रकमध्ये जागा उरली नाही की साहेबांच्या बायका पहिला हात पुस्तकांना घालतात. सोफा जातो, पुस्तकं राहतात. याचं कुणाला वाईट वाटत असेल तर वाटो, वच्छलाबाईंना अजिबात वाटत नाही. त्या दिवसांत त्यांच्या चालण्यात वेगळाच जोर येतो.

आणि काय काय मिळतं! कुणा अनोळखी पोराच्या जावळाची सीडी मिळाली होती. ती त्यांनी सगळ्यांना बसवून पाहिली, जेवणाच्या पंगतीसकट. एका कॅसेटवर कुठल्याशा घरातलं पोरगं पाढे म्हणत होतं आणि तेराच्या पाढ्यात दर वेळी एकाच ठिकाणी अडकत होतं, मागून बापाचा आवाज, "पयल्यापासून घे." एका कॅसेटवर कुठल्या तरी गावातल्या बाया जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या, मध्येच एकीला शिंक आली आणि सगळ्या हसत सुटल्या. ही कॅसेट वच्छलाबाईंची सगळ्यात लाडकी. कुणीतरी शिक्षकाने हौसेने भरून ठेवली असावी, आणि त्याच्या घरच्यांनी ती तितक्याच हौसेने भंगारात दिली असावी. ती मिळाली त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पण ही सगळी चैन मागाहून आली. वच्छलाबाई रद्दीच्या दुकानात पहिल्यांदा शिरल्या त्या एकाच वस्तूसाठी, आणि ती वस्तू त्यांना अजून मिळाली नव्हती.

ती होती त्यांच्या नवऱ्याची कॅसेट. बुधाजी वानखडे, नळाच्या पाइपांची कामं करणारा साधा फिटर, पण हातात खंजिरी आली की वस्ती जागची हलत नसे. भीमजयंतीला आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायची. मूर्तिजापूर म्हणू नका, दर्यापूर म्हणू नका, बुधाजींचं भजनी मंडळ सगळीकडे. अमरावतीच्या एका रेकॉर्डिंगवाल्याने त्यांची एक कॅसेट काढली. मुखपृष्ठावर खंजिरी धरलेले बुधाजी, केस तेल लावून चप्प बसवलेले, डोळे फोटोवाल्याने दचकवल्यासारखे. थोड्याच प्रती निघाल्या, बस स्टँडवर आणि मेळ्यांमध्ये विकल्या गेल्या. घरातली एकुलती एक प्रत जयंतीच्या मंडळाची पोरं लाउडस्पीकरवर लावायला म्हणून घेऊन गेली. जयंतीला नेलेली सतरंजी परत येते, पातेलं परत येतं, कॅसेट कधी परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. गाणारा माणूस घरातच होता, कॅसेट कुणाला हवी होती?

मग बुधाजींच्या गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, आवाज गेला. बोलणं राहिलं ते घोगरं, तोंडाजवळ कान नेऊन ऐकावं असं. रेकॉर्डिंगवाल्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकली. नात आचल त्यानंतर जन्मली, आता कॉलेजात जाते, आणि तिने आजोबांचं गाणं एकदाही ऐकलेलं नाही.

वच्छलाबाईंना एवढ्याचंच दुःख असतं तर त्यांनी ते गिळलं असतं. त्यांना खरा राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. अलीकडे बुधाजी म्हणायला लागले होते की आपण काही फार चांगलं गात नव्हतोच. वस्तीतलं कुणी जुनी आठवण काढली की हात झटकायचे. "काही नाही रे. लोक टाळ्या वाजवतच. त्याइले कोनी बी चालत होतं." आधी वच्छलाबाईंना वाटलं, नम्रपणा असेल. पण नम्रपणा त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कधी दिसला नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, हा माणूस हे खरंच मानायला लागलाय. जे परत येणार नाही ते कधी नव्हतंच असं ठरवून मोकळा होतोय. ते काही त्या होऊ देणार नव्हत्या. कॅसेट मिळाली पाहिजे, लावली पाहिजे आणि या माणसाच्या कानात घातली पाहिजे.

अमरावतीला इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत अनुपचं भंगारचं दुकान आहे. अनुप तिशीतला, पान खाणारा, गोड बोलणारा. थंडीच्या दिवसांत वच्छलाबाई आचलला घेऊन त्याच्याकडे गेल्या, पाणी मागितलं, मिक्सरचा भाव विचारला आणि मग हळूच कॅसेटवर आल्या.

"मावशी, कॅसेटा आता माह्याकडे टिकतच नाही," अनुप म्हणाला. "धामनगावकडचे एक काका येते. गोनी भरते अन् घेऊन जाते."

वच्छलाबाईंनी मिक्सर बाजूला सारला. आपल्यासारखाच कुणी शौकीन निघाला की काय! "थो एवढ्या ऐकते तरी कव्हा?"

"ऐकते कायचा! वावराले बांधते. रोही येऊ नाही म्हनून. त्यातली रीळ काढते अन् धुऱ्यानं खुटे ठोकून तानून देते. हवा आली का वाजते, भुंग भुंग. रोही बिचकून पळते."

वच्छलाबाई स्टुलावर बसल्या. गेली कित्येक वर्षं आपण कॅसेट शोधतो आहोत, आणि तिकडे अख्ख्या जिल्ह्याची गाणी नीलगायी हाकलायला वावराचं कुंपण म्हणून लागताहेत! आचलला मात्र हसू आवरेना. आजीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने हसू आवरलं आणि अनुपकडून त्या काकांचा पत्ता मोबाइलमध्ये टिपून घेतला.

पुढच्या रविवारी आजी आणि नात रेल्वेने धामणगावला उतरल्या, तिथून कौंडण्यपूरच्या रस्त्याला ऑटो केला. बुधाजी आले नाहीत. "वावरात कॅसेट शोधाले चालली. उद्या विहिरीत रेडिओ शोधशीन," एवढं घोगरं बोलून ते पेपरात डोकं घालून बसले.

शेत नत्थुजींचं. काळी जमीन, कमरेखालचा हरभरा घाट्यांवर आलेला, आणि चारी धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तपकिरी रिळा उन्हात चमकत होत्या. वाऱ्याची झुळूक आली की सगळं वावर एकदम गुणगुणायला लागायचं. वच्छलाबाई तिथेच थबकल्या. किती लग्नं, किती आरत्या, किती सिनेमे त्या गुणगुणण्यात एकत्र झाले असतील, देव जाणे.

"राम राम बाई. कोनाकडे आल्या?" नत्थुजी पिकातून बाहेर येत म्हणाले. पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, चेहऱ्यावर थोडा संशय. अनोळखी बाया कॅनव्हासचे बूट घालून वावरात आल्या की त्या सर्वेवाल्या असतात, असा त्यांचा अनुभव.

"जय भीम भाऊ. तुमच्याचकडे. तुमच्या धुऱ्यावर माह्या मालकाचा आवाज बांधला हाय का, ते पाहाले आलो."

हे नत्थुजींना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी दुपट्ट्याने खाट झटकली, बसा म्हणाले, आणि बायकोला, मैनाबाईला, चहा मांडायला सांगितलं. मैनाबाई चहाबरोबर एक डबाही घेऊन आली. रिळा काढून घेतल्या तरी कॅसेटच्या प्लॅस्टिकच्या डब्या तिने टाकल्या नव्हत्या. भाजीपाल्याचं बी ठेवायला त्या तिला फार सोयीच्या वाटल्या होत्या. एका डबीत दोडका, एकीत कारलं, एकीत वाल. डबीतलं छापील चित्र तसंच ठेवलेलं, म्हणजे कुठलं बी कशात आहे ते चित्रावरून लक्षात राहतं. नाचणारी नटी म्हणजे दोडका, मिशीवाले महाराज म्हणजे कारलं.

वच्छलाबाई डब्या एकेक करून पाहू लागल्या, आणि एका डबीवर त्यांचा हात थांबला. केस तेल लावून चप्प बसवलेले, डोळे दचकलेले, हातात खंजिरी. आत भेंडीचं बी.

"हे माहे आबाजी!" आचल ओरडली.

"अगं बाई, ही माही भेंडी," मैनाबाई म्हणाली. मग तिने डबी हातात घेतली, फोटो पाहिला, आचलचं तोंड पाहिलं. "नाक तर तेच हाय." तिने डबी बियांसकट वच्छलाबाईंच्या हातात दिली.

म्हणजे रीळ याच वावरात होती. पण कुठे? चार एकरांच्या भोवती नुसत्या रिळाच रिळा. वच्छलाबाईंच्या मनात आलं, आता खुट्याखुट्याने हिंडायचं की काय. तेव्हा मैनाबाई नवऱ्याकडे पाहून हसली. "यायले विचारा. यायनं पाहून पाहून लावल्या."

नत्थुजी जरा लाजले. "त्याचं काय हाय बाई, तिकून विहीर हाय. विहिरीवर आसरा हायत. सात बहिनी, पान्यातल्या देव्या. आता आसराइच्या अंगावरून सिनेमाचे गाने कसे न्यावं? रात्रभर वाजते ते. म्हनून रोडाकडे सारे सिनेमाचे लावले, नाल्याकडे लग्नाचे, अन् विहिरीकडे सारे देवाधर्माचे. भजन, हरिपाठ, आरत्या. तुमच्या मालकाच्या हातात खंजिरी दिसली, म्हनून ते बी तिकडेच असन."

हे ऐकून वच्छलाबाईंना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. भंगारातून किलोवर आणलेल्या कॅसेट, त्याही वाचून, जातीने निवडून, ज्याचा मान त्याला देऊन बांधणारा शेतकरी त्यांनी तरी पाहिला नव्हता. विहिरीकडच्या धुऱ्यावर हरिपाठ, आरती, भीमगीतं सगळी एका खुट्यावरून दुसऱ्या खुट्यावर गेलेली. गावात ज्यांची मंडळं एका ओट्यावर बसत नाहीत, ती इथे एकमेकांत पीळ घालून हरभरा राखत होती.

"भाऊ, तेवढा एक धुरा मले सोडून द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "काय घ्यायचं ते घ्या."

नत्थुजींनी मान हलवली. "पैशाचं नोका बोलू. रोही पैसे पाहून परत जाते काय? घाटे भरले हायत. आज धुरा मोकळा सोडला, तर उद्या वावर साफ. सोंगनी झाल्यावर या, सारं घेऊन जा."

पण तोवर थंडीवाऱ्यात, उन्हात, दवात रिळेचं काय होणार हे वच्छलाबाईंना दिसत होतं. काही ठिकाणी ती आत्ताच पांढुरकी पडली होती. त्या विचार करून म्हणाल्या, "मंग रिळेले रीळ देतो. माह्या घरी लय हायत."

"चालते," नत्थुजी म्हणाले. आणि मग घसा खाकरून: "पन तिकून सिनेमाचे चालनार नाहीत."

इथे खरी गोम होती. सिनेमाच्या कॅसेट वच्छलाबाईंकडे पोतंभर होत्या, त्या दिल्या असत्या तर डोळ्याला पाणीसुद्धा आलं नसतं. ती सगळी गाणी आचलच्या मोबाइलमध्ये आहेत. पण देवाधर्माच्या म्हणाव्यात अशा थोड्याच, आणि ज्या होत्या त्या एकेक करून, जीव लावून गोळा केलेल्या. वंदनेच्या, जुन्या भजनी मंडळांच्या. आणि ती ओव्यांची.

अकोल्याला परत आल्यावर त्यांनी कपाटापुढे बैठक मारली. आठवडाभर आचलकडून कॅसेट वाजवून मोबाइलमध्ये भरून घेतल्या. आचल म्हणाली, आता गेल्या तरी काय हरकत आहे, आवाज तर राहिला. वच्छलाबाईंनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नाही. मोबाइलमधलं गाणं शोधावं लागत नाही, आणि जे शोधावं लागत नाही ते मिळाल्याचा आनंदही होत नाही. ओव्यांची कॅसेट त्यांनी पिशवीत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. धुरा काही छोटा नव्हता. तिच्याशिवाय पुरलं नसतं.

बुधाजी पेपराच्या आडून पाहत होते. "ओव्यांची बी नेते काय?" त्यांनी विचारलं.

"नेतो."

"कायले? माह्या त्या रडगान्यासाठी?"

"तुमी पेपर वाचा," वच्छलाबाई म्हणाल्या.

पुन्हा रविवार, पुन्हा रेल्वे, पुन्हा ऑटो. या वेळी कामच होतं. नत्थुजी खुट्यावरून जुनी रीळ सोडत गेले, आचल ती अलगद एका उशीच्या खोळीत भरत गेली, आणि वच्छलाबाई धुऱ्यावर फतकल मारून आपल्या हाताने आपल्या कॅसेट उकलत राहिल्या. आधी वंदना, मग भजनं. ओव्यांची आली तेव्हा त्यांनी ती मैनाबाईला दाखवली आणि त्यात काय आहे ते सांगितलं, शिंकेसकट. मैनाबाईने ती हातात घेतली. "हे आसराइले आवडनच," ती म्हणाली आणि विहिरीच्या अगदी जवळच्या खुट्याला तिने स्वतः गाठ मारली. वारा आला तशी रीळ बोलायला लागली. वच्छलाबाईंना वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण तसं काही झालं नाही. कपाटात तीन वर्षं बसून असलेल्या बायांना निदान काम लागलं होतं.

निघताना मैनाबाईने ओल्या हरभऱ्याच्या पेंढ्या बांधून दिल्या. रेल्वेत त्या दोघी सोलून खात आल्या आणि डब्यातल्या सगळ्यांना वाटत आल्या.

पुढचे दिवस वानखड्यांच्या घरात कुणी जमिनीवर सरळ पाय टाकला नाही. सगळीकडे रीळ. वच्छलाबाई ती मऊ फडक्याने पुसायच्या, तुटलेली टोकं बारीक चिकटपट्टीने जोडायच्या, आणि मोकळ्या कॅसेटमध्ये चाकावर पेनाने गरगर फिरवत गुंडाळायच्या. पहिल्यांदा टेपरेकॉर्डर सुरू केला तेव्हा हरिपाठ निघाला, तोही उलट्या बाजूने, घोंगडीत तोंड घालून म्हटल्यासारखा. मग एक आरती आली, तिच्या मधोमध कुणाचा तरी अभंग घुसला, मग पुन्हा तीच आरती. रागिणी पोळ्या लाटता लाटता हसायला लागली. तिने नंतर स्वतःहून येऊन तुकडे जोडायला बसावं, याचं वच्छलाबाईंना नवल वाटलं. पण रद्दीचा नाद हा असाच लागतो, एकदा हात घातला की घातला. बुधाजी मात्र बाहेरच्या ओट्यावरून आत आले नाहीत. वाजायला लागलं की ते उगाच सायकलला तेल घालायचे.

एका दुपारी रागिणीने जोडलेला तुकडा लागला. आधी नुसती खरखर. मग लांबून, वाद्याशिवाय, एक आवाज वर चढला. पेटी नाही, ढोलक नाही, नुसता मोकळा आवाज, इतका ताजा की आचलने दाराकडे पाहिलं, कुणी आलं की काय म्हणून. तो वर गेला, तिथे जरा थांबला, आणि खाली उतरता उतरता खंजिरी त्याला येऊन मिळाली. मागून मंडळाने साथ धरली. कुठे रीळ दवाने खराब झाली होती, तिथे आवाज पाण्यात बुडून वर यायचा, पण वर आला की तसाच. रागिणीचं लाटणं थांबलं. आचल जमिनीवर बसून राहिली. तिला ज्या माणसाचं बोलणं तोंडाजवळ कान नेऊन ऐकावं लागायचं, तो माणूस अख्खं घर भरून गात होता.

वच्छलाबाईंनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि दाराकडे पाहत राहिल्या.

बुधाजी दारात येऊन उभे राहिले. हात तेलाचे, तसेच धरलेले. कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि मध्येच तुकडा संपला. मग नुसती खरखर.  बुधाजींनी आत येऊन टेपरेकॉर्डरसमोर बसकण मारली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"हा मीच होय?" त्यांनी विचारलं.

"मंग कोन?"

"एवढा चांगला गात होतो मी?"

"नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "याच्याहून लय चांगले गात होते. मशीनमधी थोडंसंच आलं."

 बुधाजींनी तेलाचा हात धोतराला पुसला, आणि आजवर ज्या यंत्राला कधी बोट लावलं नव्हतं, त्याचं रीळ मागे घ्यायचं बटण स्वतःच दाबलं.